अकरा सदुसष्ट

नंदनवारांच्या तेरवीला जेवायला बसलो असताना तिघांनी मला तो किस्सा सांगितला आणि तिघांनीही चुकीचा सांगितला. एकाच्या मते त्यांनी मुलीच्या लग्नपत्रिकेवर 'अकरा वाजून सदुसष्ट मिनिटांनी' असा मुहूर्त छापला होता. दुसरा म्हणाला, लग्न दुपारी दीडला लागलं. तिसरा त्या लग्नाला आलाच नव्हता. त्याने सांगितलं की बारात फाटकावरूनच मौद्याला परत गेली होती. पंगत हसली. मीही हसलो. तोंडात बुंदीचा घास होता म्हणून बोललो नाही, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

पत्रिकेवर सदुसष्ट नव्हतं, सात होतं. ते सात कसं झालं हे सांगणारा आता मीच उरलो आहे. पण मला ते नीट सांगता येईल असं वाटत नाही, कारण ज्या गोष्टीची मला इतकी वर्षं खात्री होती तिच्याबद्दलही नंदनवारांनी शेवटी माझा गोंधळ करून ठेवला. तेव्हा आधी माणूस सांगतो.

आम्ही हुडकेश्वरला राहायला आलो तेव्हा ले-आउटमधले निम्मे प्लॉट रिकामे होते. ट्रकमधून सामान उतरत होतं आणि माझं घड्याळ कुठल्याशा खोक्यात गेलं होतं. शेजारच्या कुंपणापाशी बनियनवर एक सडपातळ गृहस्थ उभे होते. मी विचारलं, "किती वाजले हो?"

त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "अकरा पासष्ट."

"किती?"

"अकरा पासष्ट. आता सहासष्ट होऊन राहिले." आणि फाटक उघडून ते आमच्या लोखंडी कपाटाला हात लावायला आले.

मी आत जाऊन बायकोला म्हणालो, शेजारी जरा वेगळे दिसतात. ती म्हणाली, "कपाट धरलं ना त्यांनी? मग झालं."

कारण पुढे हळूहळू कळलं. कोणाचा धंदा बसला, कोणाचं पीक गेलं की आपण 'त्याचे बारा वाजले' म्हणतो. म्हणतो आणि विसरतो. नंदनवार विसरले नव्हते. घराणं विणकरांचं, लहानपणी घरात हातमाग होते. एकदा एक व्यापारी दारात उभा राहून वडिलांना म्हणाला, "आता हातमागाचे बारा वाजले, बुवा." त्याच क्षणी आतल्या घड्याळाने टोले द्यायला सुरुवात केली. पोरगं मोजत होतं. टोले बाराच पडले. त्यानंतर घरातले माग एकेक करून उठले.

"मंग सांगा सर, तो मानूस खोटं बोलला का?"

हा प्रसंग त्यांनी मला अनेकदा सांगितला. कधी ते वाक्य व्यापाऱ्याचं असे, कधी वडिलांचं, एकदा तर आजीचं. एकदा घड्याळही शेजारच्या घरातलं निघालं. मी ते दाखवून दिलं तर म्हणाले, "घड्याळ कोनाचं होतं त्यानं काय फरक पडते? माग तं आमचेच होते ना."

तेव्हापासून त्यांनी बारा वाजू दिले नाहीत. अकरा वाजले की पुढची मिनिटं ते थेट एकपर्यंत मोजत न्यायचे. अकरा साठ, अकरा सत्तर, अकरा नव्वद. साडेबाराला त्यांच्या तोंडून 'अकरा नव्वद' ऐकलं की नवा माणूस आपल्या मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहायचा.

मला वाटलं, एका ठिकाणी मी त्यांना पकडलं आहे. इतवारीत त्यांचं बटनं, दोरे आणि लेसचं दुकान होतं. मी विचारलं, "नंदनवार, तुम्ही दिवसभर डझनावर बटनं विकता. ते बारा बरे चालतात?"

त्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. "बटन वाजते का, सर?"

त्यांच्या बैठकीत सासऱ्यांनी दिलेलं लंबकाचं, टोले देणारं घड्याळ होतं. सासऱ्यांचं म्हणून काढायची सोय नव्हती. टोला मारणाऱ्या दांडीखाली ते दुपारी आणि रात्री कापसाचा बोळा घालून ठेवायचे. कधी बोळा काढायचा राहून जाई, कधी अर्धा निघे. शेवटी त्या घड्याळाचा तोल गेला आणि ते पाच वाजता आठ टोले द्यायला लागलं. त्यांच्या पत्नी रंजनावहिनी एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "आमच्या घरी बारा वाजत नाहीत, भाऊजी. पन बाकीचे बी काही धड वाजत नाहीत." स्वतः त्या नळाच्या पाण्यावर आणि शाळेच्या बसवर वेळ पाळायच्या.

एकदा आम्ही दोघं डोळे दाखवायला निघालो. डॉक्टरांनी बारा वीसला बोलावलं होतं. चौकात ऑटो थांबवून नंदनवार चालकाला म्हणाले, "धंतोली. अकरा ऐंशीपर्यंत पोचलं पाह्यजे."

"अकराशे ऐंशी?" तो दचकला. "काका, धंतोलीले एवढे कुठं लागते? जे रेट आहे तेच द्या."

"पैसे नाही गा. वेळ सांगून राहिलो."

"अकराशे ऐंशी वेळ?"

त्या भल्या माणसाने खरोखर मोबाइल काढून पाहिला. नंदनवारांनी त्याला शांतपणे समजावलं : अकरा वाजले, वर ऐंशी मिनिटं, त्यातून साठ काढा, किती राहिले? हिशोब पटल्यावर चालक ओरडला, "मंग सीधं बारा वीस म्हना ना, काका!"

"तुमच्या तोंडून निघालं, माह्या नाही," नंदनवार हळहळून म्हणाले. आणि धंतोली येईपर्यंत ते त्याला विचारत राहिले की गाडीचा विमा भरलेला आहे का, घरी सगळे बरे आहेत ना. शेवटी तो इतका घाबरला की सिग्नल हिरवा झाला तरी निघेना. आम्ही उशिरा पोचलो ते त्यामुळे.

हे सगळं ते खरं मानत होते की आमची गंमत करत होते? हा प्रश्न मला शेजारी म्हणून पहिल्या दिवसापासून पडला. ते हसत नसत. लबाड माणसाच्या डोळ्यांत एक चमक असते, तीही मी शोधली. ले-आउटमधले एक ओळखीचे गृहस्थ अचानक गेले तेव्हा घाटावरून येताना मी सहज म्हणालो, "वेळ काही सांगून येत नाही, नंदनवार."

ते चालता चालता थांबले. "येते ना. दर घंट्याले सांगते. आपन ऐकत नाही." मला हसू आलं. त्यांचा चेहरा मात्र घाटावर होता तसाच होता. हसलो याची लाज वाटली, आणि मग लाज वाटावी असं काही होतं की नाही, तेही कळेना.

आता लग्न.

त्यांची मुलगी प्रणाली हिचं मौद्याच्या पराते यांच्या मुलाशी जमलं. पराते मूळचे विणकरच. पण त्यांनी वेळेवर शेती घेतली आणि पुढे खताचं दुकान टाकलं. माणूस करारी, शब्दाला जपणारा. गुरुजींनी मुहूर्त काढून दिला तो दुपारी बारा वाजून सात मिनिटांचा.

मी मराठीचा मास्तर. निवृत्तीनंतर ले-आउटमधल्या प्रत्येक लग्नपत्रिकेचं प्रूफ शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे यायचं. मला त्याचा अभिमान होता. प्रणालीच्या पत्रिकेचंही आलं. मी लाल पेन घेऊन बसलो. 'आशिर्वाद'चा 'आशीर्वाद' केला, 'कुटूंबिय'चं 'कुटुंबीय' केलं, आणि 'अकरा वाजून ६७ मिनिटांनी' दिसलं तेव्हा सहाला गोल करून शून्य केलं. आयुष्यभर वह्या तपासलेला हात. साठाच्या पुढचं मिनिट दिसलं की तो थांबून विचार करत नाही. प्रूफ मीच प्रेसवर पाठवून दिलं.

पत्रिका छापून घरी आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नंदनवार तोवर वाटायला निघालेही होते. मी मनाशी म्हटलं, त्यांच्या लक्षात येईलच. मग म्हटलं, लोकांना ते तोंडी सांगतीलच. मग म्हटलं, एक तास इकडे की तिकडे. असं म्हणता म्हणता लग्नाचा दिवस उजाडला.

पत्रिकेप्रमाणे बारात पावणेअकराला लॉनवर हजर झाली. मौद्याचे लोक वेळेचे पक्के. लॉनवर खुर्च्या एकात एक रचलेल्या, आचारी कांदा चिरतोय, गुरुजींचा पत्ता नाही आणि नवरी अजून पार्लरमध्ये. बँडवाल्यांनी दोन गाणी जास्तीची वाजवली आणि तेही थांबले. पाहुणे उन्हात खुर्च्या स्वतः उचलून मांडू लागले. सव्वाअकराला परात्यांचा संयम संपला. हातातली पत्रिका नाचवत ते सगळ्यांसमोर नंदनवारांवर ओरडले, "हे काय छापलं तुम्ही? पाहुण्यांसमोर आमचे बारा वाजवले!"

नंदनवारांनी घड्याळ पाहिलं. आणि अगदी मृदू आवाजात, व्याह्यांच्या दंडावर हात ठेवून ते म्हणाले, "नाही, नाही. अजून पाऊण घंटा आहे."

बँडवाला पहिला हसला. मग सगळा मांडव हसला. परात्यांनी दंडावरचा हात झटकून टाकला.

मी पाच पावलांवर उभा होतो. तेव्हा पुढे होऊन 'चूक माझी' एवढं म्हणायला हवं होतं. नंदनवारांनी पत्रिकेकडे पाहिलं आणि मग मान वर करून माझ्या दिशेने पाहिलं. मला उद्देशून पाहिलं की माझ्यामागे फाटक होतं तिकडे मुलगी आली का ते पाहिलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी एक खुर्ची उचलली आणि मांडायला लागलो.

लग्न गुरुजींच्या मुहूर्तावर, एक मिनिट इकडेतिकडे न होता लागलं. पण मुलाच्या बापाची भर मांडवात थट्टा केली, हा डाग राहिला. पराते लग्नानंतर नंदनवारांच्या घरी कधी आले नाहीत आणि मुलालाही येऊ दिलं नाही. व्याह्यांना त्यांनी कधी बोलावलं नाही. सणावाराला प्रणाली यायची. नवरा तिला मोटारसायकलवर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचा आणि तिथूनच मौद्याला वळायचा. ले-आउटमध्ये सगळे म्हणत, नंदनवारांच्या येडेपणापायी पोरीचं माहेर अर्धं झालं. मी हे ऐकायचो. काही म्हणायचो नाही.

अशी काही वर्षं गेली. एका फाल्गुनातल्या दुपारी मी फाटकाशी उभा होतो. कोपऱ्यावर मोटारसायकल थांबली, वळली, गेली. प्रणाली कडेवर पोर आणि हातात बॅग घेऊन उन्हातून चालत आली. मी म्हटलं, "जावईबापू आले नाहीत?"

"त्याहिले काम होतं, सर," ती म्हणाली. मग बॅग खाली ठेवून, "दरवेळी काय काम असते ते मीच शोधून सांगते. आता सुचत नाही."

मी संध्याकाळी नंदनवारांकडे गेलो आणि म्हणालो, "मला मौद्याला यायचंय. परात्यांशी बोलायचंय."

"काहून?"

"तिथं सांगतो."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागेपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. नंदनवार खिडकीशी बसून शेंगदाणे सोलत होते. सोललेले अर्धे माझ्या हातावर ठेवत होते.

परात्यांच्या अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. ते ओसरीवर बाजेवर बसले होते. "या," म्हणाले; 'बसा' म्हणाले नाहीत. त्यांच्या पत्नीने खुर्च्या आणून ठेवल्या. मी उभ्यानेच बोललो, कारण बसलो असतो तर पुन्हा गप्प राहिलो असतो.

"परातेजी, लग्नाच्या पत्रिकेवरचं सात मी केलं. यांनी सदुसष्ट लिहिलं होतं. मी चुकीने खोडलं आणि त्या दिवशी बोललो नाही."

"सदुसष्ट काय?"

"मिनिटं."

"मिनिटं सदुसष्ट कसे होतीन?"

"अकरा वाजून सदुसष्ट. म्हणजे बारा..."

"सर!" नंदनवार ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग परात्यांकडे वळून म्हणाले, "सर माह्यासाठी खोटं बोलून राहिले. सात म्या केलं."

मी चकित. "तुम्ही कधी?"

"प्रणाली रडली होती. म्हने, बाबा, सदुसष्ट पाहून मौद्याचे लोक हसतीन. मंग म्या प्रेसवाल्याले फोन केला, सदुसष्टचं सात कर. तो म्हने, हो काका, सातच आहे."

"म्हणजे तुमच्या फोनच्या आधीच झालं होतं. मी केलं होतं!"

"माहं ऐकून त्यानं केलं."

"फोनवर बोलता बोलता?"

"चांगला प्रेसवाला होता."

पराते एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होते. "थांबा, थांबा. अकरा सात म्हंजे एक घंटा आधी. तुम्हाले मालूम होतं?"

"होतं ना. म्हटलं, पाहुणे आधी येतीन, बसतीन, शरबत पितीन. केटरिंगवाल्याले म्या शरबत सांगितलं होतं. तो विसरला."

"अन् सीधं बारा सात काहून नाही लिहिलं?"

नंदनवार खाली मिरच्यांकडे पाहत राहिले. "पोरीचं लग्न होतं, पराते," ते म्हणाले. "तिच्या नावाखाली तसं कसं लिहू?"

आत भांडी वाजत होती ती थांबली. मग परात्यांनी इतकी वर्षं घशात धरलेला प्रश्न विचारला. "अन् माह्या सगळ्या बारातीसमोर तुम्ही म्हटलं, अजून पाऊण घंटा आहे."

"हो. तुम्ही घाबरले होते. म्हटलं, काही बिघडलं नाही, अजून वेळ आहे."

"मजाक नोती केली?"

"मजाक? व्याह्याची?" नंदनवारांचा चेहरा खरोखर उतरला. दोन्ही हात त्यांनी कानांना लावले.

परात्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुम्ही शेजारी रायता. हा मानूस खरं बोलून राहिला का?"

इतकी वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहिलेला मी. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

परात्यांना आधी ठसका लागला. वाटलं, मिरचीचा. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते बाजेवर हात आपटून हसू लागले. हसता हसता थांबले, पंच्याने डोळे पुसले आणि स्वतःशीच म्हणाले, "पोराले मी कोपऱ्यावरून वापस बोलावत रायलो." मग घरात हाक दिली, "अवं, ताटं वाढा. दोघंही पक्के आहेत. पहिले जेवतीन, मंग सात कोनाचं ते ठरवतीन."

ते ठरलं नाही. माझ्यापुरतं ते सात माझंच आहे, आणि ज्यांना तो किस्सा सांगायचा आहे त्यांनी यापुढे माझ्या नावाने सांगावा. नंदनवार मला वाचवायला बोलले, की त्यांनी खरंच फोन केला होता, की फोनच्या गोष्टीतही हातमागाच्या गोष्टीतल्या घड्याळासारखं कधी एकाचं घर, कधी दुसऱ्याचं, ते मला सांगता येत नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटे मी मुलाकडे पुण्याला गेलो. तिथे असताना बायकोने फोनवर सांगितलं की जावई मोटारसायकल घेऊन थेट नंदनवारांच्या फाटकात आला आणि दोन दिवस राहिला. मी परतलो ते तेरवीलाच. त्यामुळे मौद्याचे नंदनवार हेच माझे शेवटचे नंदनवार. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघंही झोपलो होतो, ते मी धरत नाही.

मौद्याला त्या दिवशी जेवणाआधी हात धुवायला आम्ही अंगणाच्या कडेला गेलो. आपल्याकडे मुलीच्या बापाने व्याह्याच्या हातावर पाणी घालायचं असतं. पण लोटा परात्यांनी उचलला. नंदनवार बाजूला सरले आणि मला पुढे करू लागले.

"सर नाही. तुम्ही या," पराते म्हणाले.

नंदनवारांनी लोटाच धरायला हात घातला. परात्यांनी सोडला नाही. दोघं वाकलेले, लोटा दोघांच्या हातात, पाणी दोघांच्या पायांवर सांडत होतं. "हात पुढं करा, बाप्पा," पराते हळूच म्हणाले. नंदनवारांनी शेवटी हात पुढे केले, पण गोंधळात ते पालथेच धरले. परात्यांनी आपल्या मोकळ्या हाताने ते एकेक करून सुलटे केले आणि पाणी घातलं.